हंसाला जगू द्या

सोमवार, ३ नोव्हेंबर

स्टॅनीच्या वाडीतल्या पालकात पडले. स्कूटरसकट!

चूक माझीच. वसईतल्या होळी बाजाराअलीकडचं वळण, डाव्या हातात फोन, आणि इझाबेलचा मेसेज – 'हंसाताई, ब्लाऊजचा गळा मागून किती ठेवलाय?' तिच्या भाचीचं लग्न तोंडावर आलंय, बाईला घाई. मी एका अंगठ्याने 'सात इं' लिहिलं, आणि 'च' लिहायच्या आत पालकात.

स्टॅनी पाण्याचा पाइप टाकून धावत आला. "काकू, पालक हवा होता तर हाक मारायची ना!" हसत होता. मग त्याने पुढे बघितलं आणि हसायचा थांबला. चाकापासून हातभरावर त्याची बावखल, वाडीतलं तळं. पाणी काठोकाठ. मला पोहता येत नाही.

गुडघा सोलला. त्याचे दोन वाफे गेले. घरी सांगितलं – कुत्रं आडवं आलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कुत्रं टिकलं नाही. सकाळीच स्टॅनी माझी पालकात राहिलेली चप्पल घेऊन आला, आणि दारातच सगळी कथा ह्यांना साभिनय करून दाखवली!

हे नुसता स्कूटरचा वाकडा आरसा सरळ करत बसले. हे रागावले की घरातलं काहीतरी सरळ करतात.

कृतिका मात्र बोलली. लेक बावीस वर्षांची, कॉम्प्युटरवरची नोकरी घरूनच करते, त्यामुळे दिवसभर हुकूम सोडायला मोकळी. "तुझ्या ब्लाऊजांपायी मी बिनआईची होऊ का?" म्हणाली. ओरडून म्हणाली, पण डोळे भरले होते. मग मी फोन गुपचूप तिच्या हातात दिला.

तिने एक अ‍ॅप घातलंय. नाव 'गाडीमौन'. स्कूटर पंधराच्या वर गेली की फोन मुका. कुणाचा मेसेज आला तर उत्तर आपोआप जातं. उत्तर कृतिकानेच लिहिलं. काय लिहिलंस विचारलं, तर म्हणे, "सभ्य आहे, तू नाक खुपसू नकोस."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दादाकडे जायला आगाशीची बस पकडली. गुडघ्यामुळे. (दादाच्या दाराला कुलूप निघालं, ते वेगळंच.) बस सुटली आणि फोन मुका! अ‍ॅपला वाटतं मीच बस चालवतेय. 'मी गाडी चालवत नाही' असं एक बटण आहे, ते दाबलं. विचारतं – 'खरंच?' हो. 'नक्की?' हो! 'सतरा साते किती?'

शेजारच्या बाईला विचारलं. तिने कंडक्टरला विचारलं. कंडक्टर म्हणाला एकशे सतरा. फोन बंदच राहिला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नवलच. इझाबेल आली. मला वाटलं ब्लाऊजवरून भांडणार. तिने माझे दोन्ही हात धरले. "ताई, ब्लाऊजची घाई नाही. तू तब्येतीला जप. मी रविवारी मिस्साला तुझ्यासाठी प्रार्थना करीन."

सोललेल्या गुडघ्यासाठी प्रार्थना! माणसं किती चांगली असतात.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बाजारातल्या क्रिस्टीनाने केक पाठवला. भजनाच्या ग्रुपमधल्या चौघी येऊन बसून गेल्या, जाताना एकीने माझ्या मुठीत स्वतःच्या वकील भाच्याचा नंबर कोंबला. (गुडघ्याला वकील कशाला?) तीस वर्षं शिवणकाम करतेय, लग्नसराईत एकही बाई 'झालं का?' म्हणून टोकत नाही, असा आठवडा कधी पाहिला नव्हता. अस्तरं शांतपणे कापली. काजं सगळी हाताने केली.

हे मात्र हिरमुसलेत. म्हणाले, "बाजारात कुणी माझ्याशी बोलत नाही गं. क्रिस्टीनाने तर तोंड फिरवलं." मी म्हटलं, तुम्हीच कुणाशी बोलत नसाल.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहितानाही हसू येतंय.

दहा वाजता आगाशीहून दादा आणि अनसूया वहिनी थडकले, न कळवता. हे केळींना पाणी घालत होते. दादाने चप्पलही काढली नाही. "हरेशराव, आमची बहीन वाऱ्यावर नाय पडलेली!"

ह्यांच्या हातात पाइप. पाणी दादाच्या धोतरावर. "मी काय केलं?"

"काय केलंत? हे वाचा!" दादाने फोन ह्यांच्या नाकासमोर धरला. गेल्या मंगळवारपासून माझ्याकडून त्याला आलेले अकरा मेसेज. अकराच्या अकरा एकच –

'हंसाला जगू द्या.'

बास. एवढंच!

कृतिका आतून धावत आली, वाचलं, आणि तुळशीजवळ बसकण मारून हसत सुटली. तिने लिहिलं होतं, 'हंसाला जगू द्या. ती आत्ता स्कूटरवर आहे, पोचली की उत्तर देईल.' अ‍ॅप फुकटातलं! फुकटात तीनच शब्द जातात, बाकीचं कापलं जातं. म्हणजे मी बाजारात जाताना, बटणं आणताना, आणि हो, बसमध्ये बसून आगाशीला जातानाही – सगळ्या वसईला कळवत होते की मला जगू देत नाहीत! इझाबेलला सहा गेले. भजनाच्या ग्रुपवर चौदा. ग्रुपवर तर कुणी 'शुभ सकाळ' टाकलं तरी माझं उत्तर तेच!

हे मटकन ओट्यावर बसले. "म्हणून क्रिस्टीना..." एवढंच म्हणाले. मग तेही हसायला लागले. मला इतकं हसू आलं की गुडघ्याची खपली उघडली.

दादा तेवढा हसला नाही. आलाच आहे तर बोलूनच जातो म्हणून अर्धा तास बोलला. बाईमाणसाला घरात मान हवा, बाई म्हणजे घराची लक्ष्मी. हे मान डोलावत होते, बिचारे. मग दादा तीन कप चहा प्यायला. तिसरा कमी गोड म्हणून परत पाठवला.

स्वयंपाकघरात वहिनी कप धुवत होती. हळूच म्हणाली, "म्हणजे ते चुकूनच गेलं?"

"चुकूनच गं!"

"आणि मानसं आली?"

"अगं रांग लागली! केक काय, वकील काय!"

"किती जनं आली?"

मी बोटांवर मोजलं. नऊ. तुम्ही दोघं धरून अकरा.

वहिनी तोच कप पुसत राहिली. मग म्हणाली, "माझ्या फोनात घालून देशील ते?"

मला पुन्हा हसू फुटलं. "वहिनी, तुला सायकलपन येत नाय!" तीही हसली. पदर तोंडाला लावून.

सोमवार, १० नोव्हेंबर

कृतिकाने मजकूर बदलला. आता – 'स्कूटरवर आहे. नंतर.' दुपारपर्यंत इझाबेलचा फोन. "मग ताई, ब्लाऊज कधी?"

संपलं सुख.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ह्यांची बाजारात अब्रू परत मिळवायला इझाबेलला खरं सांगितलं. तिला सांगितलं की गावाला वेगळं सांगावं लागत नाही. संध्याकाळी स्टॅनीने ह्यांना पालकाच्या तीन जुड्या दिल्या. "काका, जगा!"

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज मेसेज वाजला तशी स्कूटर चिंचेखाली उभी केली, खाली उतरले, मग वाचलं. 'ताई हुक की चेन?' याच्यासाठी मी बावखलीत जाणार होते!

शनिवार, १५ नोव्हेंबर

वहिनी आली. एकटीच. हातात कापडी पिशवी – दोन साड्या, एक टॉवेल, औषधाच्या गोळ्या.

"चार दिवस राहू का?" म्हणाली. मी म्हटलं, अगं विचारतेस काय, आणि दादा? तिने ब्लाऊजची बाही वर केली. दंडावर काळेनिळे वळ. मीच शिवलेला ब्लाऊज. दर वेळी सांगायची, बाही कोपराखाली ठेव. मला वाटायचं, जुनी पद्धत.

तीस वर्षं माप घेतेय मी तिचं.

ह्यांनी दाराची कडी सरळ करून आतून लावली.