बाबांनी 'उत्तम' म्हटलेली सिगार

प्रिय ओस्मानी,

तुझ्या बायकोची, मायलिनची मावशी गुरुवारी समुद्रापलीकडे टँपाला परत निघतेय, तिच्या पर्समध्ये हे पत्र घालून देतेय. तिला बजावून ठेवलंय, आधी तुझ्या दारात आणि मग स्वतःच्या घरी. तू म्हणशील, फोन असताना आई कागद काळे करत कशाला बसली? अरे, फोन बाबांच्या झुलत्या खुर्चीच्या हाताशी असतो आणि त्यांच्यासमोर हे बोलणं मला जमायचं नाही. तेव्हा एवढं कर, दुकानाच्या कागदांवर सही करायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. सासऱ्यांचं घर गहाण टाकून तू दुकान घेतोयस, तिथे स्वतःच्या हाताने वळलेल्या सिगारी स्वतःच्या नावाने मांडणार आहेस, आणि हा सगळा पसारा बाबांच्या एका शब्दावर उभा आहे. त्या शब्दाबद्दलच लिहायचंय. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला जन्मापासून माहीत आहे, तेव्हा जरा धीर धर.

इकडे तसं बरं चाललंय. लाइट दिवसातून दोनदा जाते, कधी तीनदा. यंदा पाऊस वेळेवर थांबला, त्यामुळे तंबाखूची रोपं चांगली धरलीत, सगळं शिवार हिरवंगार दिसतंय. शेजारचा नेमेसिओ अजून रोज संध्याकाळी डोमिनो खेळायला येतो आणि अजून रोज फसवतो. बाबा अजून रोज न बघितल्यासारखं करतात. मी सिगारीच्या कारखान्यात जातेच आहे. बोटं सकाळी आखडतात, पण एकदा पान हातात आलं की सुटतात. परवा नवीन आलेल्या मुली मला म्हणाल्या, मावशी, तुम्ही न बघता वळता. मी म्हटलं, बायांनो, बघून वळायला लागले तर माझ्या गप्पा कधी होणार?

तुझा सिगारींचा डबा आला त्या रविवारी घरात लग्नघरासारखी गडबड होती. मी भात, काळ्या घेवड्याची उसळ आणि लसणीतला युकाचा कंद केला होता. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मी विचारलं, म्हाताऱ्या, कुणाच्या बारशाला निघालास? तर म्हणाले, पोराची सिगार ओढायचीय, गबाळ्यासारखा बसू का? जेवण झालं, ओसरीवर कॉफी आली, आणि मग ते सगळं त्यांनी अगदी सावकाश केलं, तुझ्या आठवणीत असेल तसंच. आधी सिगार कानापाशी धरून बोटांनी हलकेच दाबली. मग टोकाची टोपी पात्याने उडवली. देवदाराच्या लाकडाची ढलपी पेटवून तिच्या ज्योतीवर दुसरं टोक नुसतं शेकत बसले, ज्योत टेकू न देता. कॉफीचा एक घोट, मग पहिला झुरका, आणि खुर्ची झुलायची थांबली. मी दारात ॲप्रनला हात पुसत उभी. नेमेसिओसुद्धा डोमिनोचे ठोकळे बाजूला सारून बघत होता, यावरून काय ते समज.

तुझा फोन आला तेव्हा अर्धी संपली होती. बाबा तुला म्हणाले, राख बघ कशी पांढरी धरलीय, जळतेय कशी सरळ, कुठे वाकडी नाही, ओढायला मोकळी आहे. तू विचारलंस, आणि चव? मी त्यांच्याकडेच बघत होते. ते हातातल्या राखेकडे बघत म्हणाले, उत्तम. पलीकडून तुझं रडू ऐकू आलं, मायलिन आनंदाने ओरडली, पोरं ओरडली. नेमेसिओने टेबल बडवलं. मी आत जाऊन कपबश्या विसळायला लागले.

आता तुला एका जुन्या गोष्टीची आठवण करून देते. आपल्या घरातला नियम तुला पाठ आहे, बाबांनी सिगार पेटवली की पहिली राख आपणहून पडेपर्यंत त्यांना काही विचारायचं नाही, वाईट बातमी तर मुळीच सांगायची नाही. तुझ्या आजोबांपासून हे चालत आलेलं. माणूस दिवसभर उन्हात राबतो, त्याला निदान तेवढा वेळ कुणी छळू नये, एवढाच त्याचा अर्थ. तू लहानपणी गणितात नापास झालास की त्या राखेकडे टक लावून बसायचास. आणि मग तू टँपाला जायचं ठरवलंस, ती संध्याकाळ. तू पायरीवर बसला होतास, तोंड उतरलेलं. त्यांनी तुझ्याकडे एकदा बघितलं आणि ओळखलं. त्या दिवशी त्यांनी हात इतका स्थिर धरला, झुरके इतके हलके घेतले की राख पडेचना. कॉफी गार झाली, कोंबड्या खुराड्यात गेल्या, तरी राख आपली जागेवर. तुला वाटलं बाबा मजेत आहेत. अरे, ते तुला अजून थोडा वेळ घरात ठेवत होते. मी हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगावंसं वाटलं.

एवढं सांगितल्यावर आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या उन्हाळ्यात गावात तापाची मोठी साथ आली, तुला कळवलं होतं. बाबा दहा-बारा दिवस अंथरुणात होते आणि मग उठले. उठले आणि महिन्याभरात त्यांनी कारखान्यातलं चवीचं टेबल सोडलं. तुला आम्ही काय सांगितलं? गुडघे दुखतात. साऱ्या गावाला तेच सांगितलं. सगळ्यांना नवल वाटलं, कारण टेबलावर बसून सिगारी ओढून निकाल द्यायला गुडघे कशाला लागतात? सकाळी जायचं, बिनसाखरेच्या चहाने तोंड धुवायचं, ओढायचं, सांगायचं. तीस वर्षं हे केलं त्यांनी. साहेबलोक त्यांच्या भुवयांकडे बघत उभे राहायचे. हे टेबल ते जिवंतपणी सोडतील असं मलाही वाटलं नव्हतं. मी विचारलं तर अंगावर आले, म्हणाले, म्हातारे, तुला काय, मी घरात नको झालोय का?

मग एके दिवशी माझ्याच हातून घोटाळा झाला. तुला माहीतच आहे, बाबांची संध्याकाळची सिगार मी घरीच वळते. त्यांच्यासाठी मुरलेल्या पानांची एक जुडी फडक्यात गुंडाळून कपाटावर असते. आणि तिच्या शेजारी दुसरी जुडी असते, नेमेसिओने दिलेल्या कच्च्या, टाकाऊ पानांची. ती मी पाण्यात भिजवून मिरच्यांवर मारते, किडे मरतात. त्या संध्याकाळी लाइट गेलेली, मी चाचपडत फडकं काढलं आणि वळून दिली. बाबांनी नेहमीसारखी शेकली, पेटवली, डोळे मिटले, तासभर ओढली. संपताना म्हणाले, म्हातारे, आज तुझा हात छान बसलाय. मी खुशीत झोपले. सकाळी मिरच्यांना पाणी करायला म्हणून जुडी सोडली, तर हातात चांगली पानं. आधी मला हसू आलं, नवऱ्याला किड्यांचं औषध पाजलं म्हणून. मग तिथेच ओट्यापाशी मटकन खाली बसले. ज्या माणसाने एका झुरक्यात पान कुठल्या शेतातलं ते सांगावं, त्याला तासभर काही कळलं नव्हतं.

त्यांना चव नाही राहिली, ओस्मानी. वासही नाही. तापाने दोन्ही नेलं.

मी बोलले नाही. बोलून काय करणार होते? मी आपली बघत राहिले. कॉफीत साखर विसरले तरी पितात. उसळ करपली तरी दुसऱ्यांदा वाढून घेतात, आणि मला वाईट वाटू नये म्हणून वर छान झालीय म्हणतात. आणि संध्याकाळी तरीही ओसरीवर बसतात, कान लावतात, शेकतात, पेटवतात, सगळं अगदी जसंच्या तसं. मला सुरुवातीला त्यांची कीव आली, मग राग आला, की हे नाटक कुणासाठी? नंतर कळलं की नाटक नाहीच ते. त्या तासात नेमेसिओ येतो, मी टेकते, रस्त्यावरून जाणारा येणारा हाक मारतो, दिवसाची कटकट खाली बसते. चव गेली तरी तो तास त्यांचा आहे. तो सोडला असता तर माणूस पुरताच खचला असता. म्हणून मी वळत राहिले, आणि चांगल्याच पानांची वळत राहिले, त्यांना कळो न कळो. नाहीतर माझ्याच हाताला लाज वाटली असती.

मला एकाच गोष्टीचा अभिमान होता. कारखान्यात त्यांना सहज टिकून राहता आलं असतं. राख बघून, बोटांनी दाबून, बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून निकाल देत वर्षभर कुणाला पत्ता लागू दिला नसता. पण न कळलेल्या चवीला ते चांगली म्हणेनात, म्हणून उठून घरी आले. आणि त्याच माणसाने तुला फोनवर उत्तम म्हटलं. आता कळलं, मी कपबश्यांचं निमित्त करून आत का गेले?

सोमवारी संध्याकाळी त्यांनी तुझी दुसरी सिगार पेटवली. नेमेसिओला त्या दिवशी मुद्दाम येऊ नको म्हणून सांगितलं होतं. दोन झुरके घेतले आणि माझ्याकडे न बघता सिगार माझ्यापुढे केली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आपली सिगार कुणाला दिलेली मी पाहिली नाही. म्हणाले, धर, आणि काय लागतं ते सांग. मी म्हटलं, तूच सांग की. तर मला चक्क नावाने हाक मारून म्हणाले, एनेइदा, तुला माहीत आहे. मिरच्यांच्या जुडीचंही मला दुसऱ्या दिवशी कळलं, तुला ओट्यापाशी बसलेली मी बघितलं होतं. मला रडू येत होतं आणि हातात पेटलेली सिगार.

मग मी ओढली. पोरा, रागावू नकोस, पण मला असा ठसका लागला की कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. बाबा विचारत गेले आणि मी सांगत गेले. जिभेला आधी चुणचुणतं की मागून? आधीच, शेंड्याला. गोडवा? नाही. मिरीसारखं लागतं का? मिरी कुठली, हिरव्या मिरचीच्या देठासारखं. आणि नाकात? मी म्हटलं, नाकात सरळ गोठा. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मी बघितलं, त्यांच्या भुवया हलायला लागल्या, टेबलावर हलायच्या तशा. म्हणाले, पानं मुरलेलीच नाहीत. विकणाऱ्याने घाईने याच्या गळ्यात मारलीत. आणि रोपाच्या शेंड्याकडचं कडक पान याने दुप्पट भरलंय, याला वाटतं कडक म्हणजे भारी. ते निम्मं काढून मधल्या पानाने भरायला हवं. पण वळणी बघ, म्हणाले, एक सुरकुती नाही. हात त्याने तुझा उचललाय, म्हातारे. हे ते इतक्या कौतुकाने म्हणाले की मला ठसक्याचं सगळं विसरायला झालं.

आता हे पत्र का, ते सांगते. मी स्वतःहून लिहिलं नसतं, तुझ्या आनंदावर विरजण घालायची माझी छाती नव्हती. मंगळवारी सकाळी बाबांनीच कागद आणून टेबलावर ठेवले. म्हणाले, त्याला लिही, सगळं लिही, माझं नाक गेल्याचंसुद्धा. जन्मभर एका सिगारीबद्दल खोटं बोललो नाही आणि पहिलं खोटं पोराशी बोललो, ते फोनवर मागे घ्यायला माझी जीभ उचलत नाही. तेव्हा आता मी सांगते, सही करू नकोस, बाळा. ती पानं बांधून ठेव आणि वर्ष-दोन वर्षं मुरू दे, तोवर आहे ती नोकरी धर, सासऱ्यांचं घर सुखाने राहू दे. मग पुन्हा वळ आणि पुन्हा पाठव. काय लागतं ते मी सांगीन आणि निकाल बाबा देतील, आम्हाला ते आता जरा जमायला लागलंय, सोमवारपासून रोज संध्याकाळी सराव चालू आहे. पत्र मिळालं की लगेच फोन कर, पण माझ्याशी नको बोलूस, त्यांच्याशी बोल. त्यांना तब्येत विचारू नकोस, रागावलो नाही असंही म्हणू नकोस. कडक पान किती घालायचं ते विचार, मधलं कुठून आणायचं ते विचार, पुढचा डबा कधी पाठवू ते विचार. मी लिहितेय आणि ते ओसरीवर बसलेत, मघापासून तिसऱ्यांदा विचारलं, झालं का लिहून. नेमेसिओला काल हळूच म्हणत होते, आता पोरगा मला कधी सिगार पाठवायचा नाही. तेवढं त्यांना वाटू देऊ नकोस.

तुझीच, आम्हा दोघांच्या वतीने,
आई