पिवळी ज्योत

मंगळवार, राजापेठ

आज शिकवणीत पोटॅशियमचा क्षार ज्योतीत धरून दाखवला. ज्योत जांभळी व्हायला हवी होती, झाली पिवळीधम्मक. त्याच तारेवर आधी मीठ धरलं होतं आणि घाईत तार आम्लात धुवायची राहिली. चूक माझीच. तरी विचारलंच, "कोणता रंग?" पोरांनी पुस्तकातलं सांगून टाकलं, "जांभळा, मॅडम!" एकटी सना म्हणाली, "मले त पिवळाच दिसून राहिला."

मलाही पिवळाच दिसत होता. तरी म्हणाले, "सगळ्याइले जांभळा दिसते, तुलेच कसा पिवळा दिसते? डोळे तपासून घे." वर्ग हसला. का बोलले मी असं? तार धुतली नाही, एवढं सांगायला काय जात होतं माझं?

आत्ता वरण उतू गेलं आणि गॅसची निळी ज्योत भक्कन पिवळी झाली. मिठानंच. बघवेना, बंदच केला गॅस.

शिकवणी सुटून सगळे गेल्यावर सना दाराशी थांबली होती. खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, जांभळाच होता. माहंच चुकलं."

मी म्हणाले, "शाबास."