शराटीचे रिकामे गाठोडे

राजाच्या कारकिर्दीचे एकविसावे वर्ष, पुराचा तिसरा महिना, दिवस नववा.

मी सेमथेव, मारेस याचा मुलगा, वय एकोणसाठ, राहणार मेंफिसच्या पश्चिमेची टेकडी, धंदा थोथदेवाचे शराटी पक्षी मेल्यावर खारवून, पट्ट्यांत गुंडाळून भुयारासाठी तयार करणे, असे लिहून ठेवतो की, माझ्या पोटात गाठ आहे आणि वैद्याने हात टेकले आहेत. डोके ठिकाणावर आहे. लेखक ओन्नोफ्रे याच्याकडून लिहवून घेत आहे. कोणाचा दबाव नाही.

आमच्या लग्नाच्या करारानुसार माझी सारी मिळकत पत्नी तायमूथ हिच्या पोटगीस बांधलेली आहे. तिने ऐकून संमती दिल्याखेरीज या कागदाला किंमत नाही, म्हणून ती समोर बसली आहे. बारा वर्षे जे तिला सांगायचे टाळले, ते आज टाळता येत नाही.

पहिले. घर, म्हणजे दोन खोल्या, अंगण, भट्टी व गच्ची, मुलगी तामेत हिला. तिच्या आईने हयातभर तिथेच राहावे. शेजाऱ्याने उत्तरेची भिंत हातभर आत सरकवली आहे. त्यावरून भांडू नये. मी भांडून पाहिले आहे.

दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे कांशाचा आकडा, हाडाच्या सुया व राळेचे भांडे कोणालाही देऊ नये. नदीत टाकावे.

तिसरे. मेहुणा खोनूफ याला काही नाही. दाजींनी मला दूर ठेवले, असे त्याने गावभर सांगू नये. धंद्यात जवळ केले, तेच चुकले. सोळा वर्षांपूर्वी तळ्यावर रोग आला आणि पक्षी तडकाफडकी मरून कुजले. यात्रा तोंडावर होती. लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन येणार, प्रत्येकाला देवाकडे धाडायला एक पक्षी हवा.

"दाजी, अंडी उबवायला तुम्ही बसताय का मी बसू?" खोनूफ म्हणाला.

"लोकांना परत पाठवू."

"कशाला? लव्हाळं, चिखल, वर दोन पिसं. बाहेरून तुमची नक्षी. उघडून कोण बघतंय?"

"देव."

"त्याच्याकडं लाखभर गाठोडी पडलीत. तो मोजत बसलाय होय?"

मी हसलो. ते हसणे माझे आहे, त्याचे नाही. पुढल्या वर्षी रोग गेला, पक्षी आले, तरी आम्ही थांबलो नाही. आधी दहात तीन रिकामी होती, मग सहा. रिकाम्या गाठोड्यावर मी नक्षी अधिक मन लावून काढीत असे.

चौथे. हे तायमूथसाठी. बारा वर्षांपूर्वी आपला मुलगा हारपाएस तापाने पडला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मी मागे पक्षी वाळत घालत होतो. तू कामाच्या खोलीत आलीस आणि फळीवरचे एक गाठोडे उचलून नेलेस. टेकडीच्या वाटेवर तुझी पाठ दिसली आणि खांद्यावरच्या गाठोड्याच्या पट्ट्यांची वीण मी लांबूनही ओळखली. त्यात लव्हाळे होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तू गाठोड्याशी कुजबुजून गाऱ्हाणे सांगितलेस, पुजाऱ्याने ते मडक्यात ठेवून तोंड लिंपले. घरी येऊन म्हणालीस, "सगळ्यांत देखणं निवडलं हो मी. आवडेल ना देवाला?"

मी म्हणालो, "आवडेल."

खऱ्या पक्ष्यांची दोन गाठोडी त्याच दिवशी तयार होती. एक नेऊन दिले असते तर का, ते सांगावे लागले असते. मूल पाचव्या दिवशी गेले.

त्यानंतर दर यात्रेला तू भुयाराच्या तोंडाशी जाऊन क्षमा मागतेस. हात नीट धुतले नव्हते का, पाणी शिळे नेले का, हे मला विचारतेस, आणि मी भाकरी मोडत, "नाही गं," एवढेच म्हणतो. तुझी चूक नव्हती. देवापर्यंत काही गेलेच नाही.

खरा पक्षी गेला असता तर मूल वाचले असते का, हे मला माहीत नाही. खरे पक्षी नेलेल्यांचीही मुले याच वाळूत आहेत. हे तुझ्या समाधानासाठी सांगत नाही. समाधान होईल असे यात काही नाही.

पुढे देवळाने चौकशी केली, एका मडक्यात एक खरा पक्षी असा नियम केला. तेव्हा मी हात वर करून शपथ घेतली की, माझ्याकडे नेहमी तसेच होते. तेही खोटे.

पाचवे. माझा देह खारवून गुंडाळायला सत्तर दिवस लावू नयेत, जमेल तेवढे करावे. पेटीतला हिरव्या दगडाचा भुंगा छातीवर ठेवू नये. त्यावर कोरले आहे, "हृदया, तराजूपाशी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस." साक्ष होऊ द्यावी. तिथे लेखणी घेऊन बसणारा थोथच आहे, त्याच्याच नावाने मी चिखल विकला. हृदय तराजूतल्या सत्याच्या पिसापेक्षा जड भरेल आणि पारड्याशी बसलेली मगरतोंडी राक्षसीण ते खाईल. शवपेटीवर "मुलाशी भेट होवो" असे लिहवू नये. तो आहे तिथवर मी पोचत नाही.

पत्नीचे म्हणणे, तिच्याच शब्दांत:

"घर तामेतला, कबूल. खोनूफला काही नको, कबूल. माझा भाऊ असला तरी. दगडाचं कबूल नाही. तो ह्यांच्या छातीवर ठेवा, घट्ट बांधा. मी पोराला सांगितलं होतं, पक्षी निघालाय, देवाला तुझं सगळं सांगेल. तो ते ऐकून गेला. ह्यांचं हृदय तिथं बोललं तर त्याला कळेल. त्याला कळता कामा नये. आणि मला ह्यांच्या शेजारी ठेवू नका. लिहिलं का? आता वाचून दाखवा."

वाचून दाखवले. पाचवे कलम तायमूथ म्हणते त्याप्रमाणे बदलले. सेमथेव याने हरकत घेतली नाही.

सही: सेमथेव, मारेस याचा मुलगा
खूण: तायमूथ
साक्षीदार: पेतेनूरे, तळ्यावरचा राखणदार; खाहापे, भुयाराचा द्वाररक्षक
लेखक: ओन्नोफ्रे
स्थळ: शराटींच्या तळ्याजवळील घर, मेंफिसची पश्चिम टेकडी