नैवेद्याच्या आधी

प्रिय दौलत,

मायचा पोटभर आशीर्वाद. तुहं कार्ड पोचलं. दसरा झाला की सोजरले तिच्या भावानं माहेरी किन्हीराजाले घेऊन जावं, चोरटी बायको घरात नोको, असं तू लिवलं. आता थांब अन् आयक. अक्षरं पोळ्याच्या बैलासारखी हिंडून राह्यली, पण माही हायेत.

तुले ठाऊक हाये, आपल्या घरी नवं काही आलं की आधी देवाले, मंग तोंडाले. चैतात पयल्या कैऱ्या उतरवल्या, एक गायब. आषाढात तरोट्याची कोवळी भाजी आणली, तिच्यातलीबी मूठभर गेली. दर खेपेले सोजरच्या ओच्यात काहीतरी अन् ओठ मिटलेले. मी तिचं तोंड हुंगलं रे दौलत! कैरीचा वास नव्हता. मंग तर संशय वाढलाच. शेजारची गोमती म्हणे, मावशे, न खाता नेते म्हणजे करणीच असन. गोमतीले स्वतःच्या घरचं दूध उतू गेलेलं दिसत नाही, पण मी आयकलं. तुले दोनदा लिवलं थे याच्याच पायी.

परवा मुगाच्या शेंगा निवडता निवडता सोजर उठली. मी गुडघे धरत मागं. ती गेली थेट बांधावरच्या बोरीखाली, जिथं आपण बाळाले पुरलं. मी ज्वारीत दडून बसली, साठ वर्साची बाई, नाकात कुसळं! तिनं शेंग सोलली, दाणे मातीवर ठेवले अन् म्हणते, पाह्य बाळा, हा भादवा. आता सारं हिरवं असते. तुले ठाऊक नाही न?

कार्तिकात जन्मला, माघात गेला. लेकरानं निस्ती थंडी पाह्यली. म्हून ती त्याले दर महिना दाखवून राह्यली होती. एवढे वर्सं मी देवापुढं ताट ठेवलं, पण ऋतू फिरते थो कोणाले दाखवासाठी, हे कधी मनात आलं नाही. माहा नैवेद्य रिवाजाचा. तिचा पोचणारा.

मी ज्वारीतून निंगाली, ती घाबरून उभी राह्यली. मी म्हटलं, आण एक शेंग, आजीच्या हातची. आता आमी दोघी जातो. गोमतीची म्हैस पुरात कशी बसली थे मी बाळाले सांगतलं, तर सोजर हसली! सात महिन्यांनी हसली. मी पुन्यांदा आजी झाली रे, काय सांगू.

तिच्या भावाले निरोप धाडला, गाडी जुंपू नोको. पण तुले लिवाचं कारण येगळं. लेकराले मातीत ठेवून तू अकोल्याच्या कापसाच्या जिनात कामाले गेला, थो आलाच नाही. माह्या कागाळ्यांनी तुले न येण्याले बहाणा भेटला, एवढं मायले समजते. काल सोजर विचारत होती, कार्तिक तर बाळानं पाह्यलेला हाये, तवा काय न्याचं? मी म्हटलं, त्याचा बाप नेऊ.

तुहीच,
माय