पाठमोरा नवरदेव

हॉलिवूड, ता. १२ मार्च १९१६

ती. ड्रुसिलाताईस,

अ‍ॅम्ब्रोजचा पाठमोरा सा. न. वि. वि. पाठमोरा अशासाठी, की तुझ्या भावाच्या तोंडाला या गावात कुणी विचारत नाही. जी काही किंमत आहे ती पाठीला.

तू विचारलंस की मेल्या, तू तिथे नक्की करतोस तरी काय. तर ऐक. आमच्या कंपनीचे मोठे नट ज्युलियस प्राऊट. देवानं चेहरा त्यांना दिला आणि त्यांचाच बांधा चुकून मलाही दिला. नव्या विनोदी चित्रात ते दोन जुळे भाऊ झालेत. एक श्रीमंत सावकार, दुसरा भिंतींना कागद चिकटवणारा गरीब गडी. नवरी ठरलेली सावकाराशी आणि बोहल्यावर ओढून आणतात दुसऱ्याला, असा सगळा गोंधळ. दोघे भाऊ एकदम पडद्यावर आले की एक प्राऊटसाहेब आणि दुसरा मी. जिन्यावरून गडगडणं, कुत्रा मागे लागणं, डोक्यावर खळीची बादली पालथी होणं, हे सगळं माझ्या वाट्याचं. आमच्या दिग्दर्शकांचा, गॅड्सबीसाहेबांचा, मला एकच हुकूम आहे, की प्राण गेला तरी बेहत्तर, कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं नाही.

नवरीचं काम ओपल लिंडक्विस्टकडे आहे. मिनेसोटातल्या लोणीवाल्याची मुलगी. जेवणाच्या सुट्टीत सगळे नट प्राऊटसाहेबांभोवती गोळा होतात आणि ओपल आपला डबा घेऊन माझ्या शिडीखाली येऊन बसते. ओपल म्हणते की माझ्या पाठीला विनोदाची समज आहे. ओपलला माझं पडणं आवडतं. लग्नाचा प्रसंग पुढच्या आठवड्यात आहे. खळीनं केस खराब होतात म्हणून प्राऊटसाहेबांनी नकार दिलाय, तेव्हा ओपलशेजारी मीच उभा राहणार. असो. इकडे संत्री उदंड झाली आहेत.

तुझी आठवण रोज निघते, ती अशीच निघू दे.

तुझा
अ‍ॅम्ब्रोज

•

क्लोव्हर बेंड, आयोवा, ता. २१ मार्च १९१६

चि. अ‍ॅम्ब्रोजला,

अ. उ. आ. त्यातले निम्मे तुझ्या पाठीला, बिचारी राबते आहे.

तुझं पत्र पियानोवाल्या क्रेनबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, कामाबद्दल छान लिहिलंय. मी म्हटलं, बाई, कामाबद्दल कुठलं? खळीची बादली सोडली तर प्रत्येक ओळीत ती ओपल आहे. आणि शेवटी म्हणे ‘असो’! बाळा, तुझा ‘असो’ मी तू चड्डीत होतास तेव्हापासून ओळखते. भरणी फोडलीस की तू ‘असो’ म्हणायचास.

माझं ऐक. तापात माझे कान गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुढे हॅनिबल गॅरेट दोनतीनदा आपल्या घरी आला. तो काय बोलायचा ते मला ओठांवरून नीट कळायचं, तरी न कळल्यासारखं केलं मी. बहिरीला कशाला कोण करेल, हा माझा मीच लावलेला निकाल. त्यानं मग धान्यवाल्याची पोर केली. आता मी लोकांच्या टोप्यांना पिसं लावते आणि गॅरेटबाईंची टोपी सगळ्यांत चांगली करते. मला तसं वाईट वाटत नाही, पण आपल्या घराण्यात असा एक शहाणा पुरे. तू त्या मुलीला विचार. सरळ विचार. नाही म्हणाली तर चार दिवस रड आणि मला लिही.

इथे कोंबड्या बऱ्या आहेत. मोजे पाठवते आहे, ते विकू नकोस.

तुझी
ताई

•

हॉलिवूड, ता. ३० एप्रिल १९१६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मोजे पोचले. पाय सुखात आहेत, बाकी काही सुखात नाही.

मी विचारलं, ताई. तुझं पत्र हातात पडायच्या आधीच विचारलं होतं. पण जगात कुणी कुणाला विचारलं नसेल अशा ठिकाणी विचारलं, म्हणून तोंड शिवून बसलो होतो.

तुला माहीतच आहे, आमच्या चित्रांना आवाज नसतो, पण ओठ हलावे लागतात. म्हणून जो तो मनाला येईल ते बडबडतो. लग्नाच्या प्रसंगात पाद्री झालेले वॅडेलकाका डोळे आकाशाला लावून आपल्या पायाच्या भोवरीचं गाऱ्हाणं सांगत होते. शेजारच्या सेटवर सुतारांची ठोकाठोक, वर गॅड्सबीसाहेबांचा भोंगा. ओपलनं माझा हात धरला. माझी पाठ सगळ्या जगाकडे, चेहरा फक्त तिला दिसत होता. मला वाटलं, अशी संधी पुन्हा यायची नाही. मी तिला म्हटलं की हे चित्र राहू दे बाजूला, तू माझ्याशी खरोखरीचं लग्न करशील का. माझी प्रतिभा बघ! त्याच क्षणी बादली पालथी व्हायची होती, हे मी साफ विसरलो.

खळ डोळ्यांत, नाकात आणि दोन्ही कानांत. ती काय म्हणाली, म्हणाली की नाही, काही कळलं नाही. मग ठरल्याप्रमाणे दोन पोलिसांनी माझ्या तंगड्या धरून मला फरफटत नेलं. कान धुऊन परत येतो तो ती निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी समोर आली, थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मी काय करावं? मी टोपी उचलून सुप्रभात म्हणालो. तिचं तोंड एवढंसं झालं आणि ती निघून गेली. तेव्हापासून मला पाहिलं की दुधात माशी पडल्यासारखं तोंड करते. शिडीखाली येणं बंद. नकार याहून वेगळा काय असतो?

पुन्हा विचार म्हणशील. ज्याला पाठीचा पगार मिळतो त्याच्याजवळ छाती कुठून असणार? शिवाय फ्लोरिडाच्या एका कंपनीनं तिला बोलावलंय. जूनअखेर ती कायमची जाईल. मी तिचं सामान गाडीत चढवून देईन म्हणतो, ओझी उचलायला पाठ बरी पडते. थट्टा करतोय खरी, पण ताई, रात्री जेवण जात नाही.

गरिबावर मायेची सावली असू दे.

अ‍ॅम्ब्रोज

•

क्लोव्हर बेंड, ता. १३ जून १९१६

चि. अ‍ॅम्ब्रोज ऊर्फ गाढवाला,

आशीर्वाद शेवटी देते, आधी कान उपटते.

माझी तार मिळाली असेल. ‘चित्रात ओठ वाचले, ती हो म्हणाली आहे, ताबडतोब जा,’ एवढंच लिहिलं होतं. आता सविस्तर.

शनिवारी तुझं चित्र आपल्या गावात लागलं. क्रेनबाई पियानोवर होत्या. त्या वाजवायला लागल्या की लोक माझ्याकडे हेव्यानं बघतात. मला चित्रं का आवडतात, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. दिवे गेले की तासभर सगळं गाव माझ्यासारखंच असतं. कुणाला काही ऐकू येत नाही, आणि कुणी मला लाजवत नाही. उलट मला त्यांच्याहून जास्त कळतं, कारण पडद्यावरच्या पाटीवर एक लिहिलेलं असतं आणि ओठांवर दुसरंच.

तुझी पाठ मी लगेच ओळखली. डावा खांदा अजून पडलेलाच आहे. मग तुझे ते वॅडेलकाका दिसले. आपल्या धर्मगुरूंची बायको माझ्या शेजारी बसून त्यांच्या पवित्र चेहऱ्याकडे बघत डोळे पुसत होती, आणि ते त्या चेहऱ्यानं चांभाराचा उद्धार करत होते. मी मोठ्यांदा हसले. सगळे वळून बघायला लागले. म्हाताऱ्या ड्रुसिलाला वेड लागलं, असं त्यांना वाटलं असणार.

आणि मग ती दिसली. तुझी पाठ मध्ये, आणि तिचा चेहरा पुरता आमच्याकडे. पाटी आली की अगंबाई, हा तर भलताच माणूस! पण तिचे ओठ काय म्हणत होते ठाऊक आहे? हो, अ‍ॅम्ब्रोज. हो. किती वाट पाहायला लावलीस रे! तेवढ्यात बादली पडली. त्या खळीच्या ढिगाकडे वाकून तिनं विचारलं की ऐकलंस ना? तुला फरफटत नेलं तरी ती तिकडेच बघत विचारत होती.

तुझ्या मनात आता काय येईल तेही सांगते. वेश प्राऊटचा, मिशी प्राऊटची, तेव्हा ती त्यालाच म्हणाली असेल. नाही रे बाबा. तुझं नाव घेताना दोन्ही ओठ मिटतात, ज्युलियस म्हणताना मिटत नाहीत. शिवाय माणूस चुकलेला असला तर बाई अशी बघत नाही. खात्री करायला रविवारी पुन्हा गेले, सोमवारीही गेले. तिन्ही दिवस हो म्हणाली.

आणि तू काय केलंस? हो म्हणालेल्या मुलीला टोपी उचलून सुप्रभात! तिला काय वाटलं असेल? ओठ हलवायचे म्हणून हलवलेस आणि तिचं हसं केलंस, असंच ना? तारमास्तरनं विचारलंच, की कोण हो म्हणाली. सांगावं लागलं. आता सगळं गाव पुन्हा चित्राला जातंय, तिचे ओठ बघायला. मालक खूश आहे आणि मला फुकट सोडतो.

आशीर्वाद आहेतच. पण आधी जा.

ताई

•

हॉलिवूड, ता. २० जून १९१६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हा नमस्कार समोरून आहे.

तार आली तेव्हा मी प्राऊटसाहेबांच्या वेशात, पाठमोरा, खिडकीतून बाहेर लोंबत होतो. प्रसंग निम्मा झाला होता. कुणीतरी खालून तार वर दिली, मी वाचली, आणि ताई, मी वळलो. कॅमेऱ्याकडे पुरतं तोंड केलं, खाली उडी मारली आणि त्याच्याच अंगावरून पळत सुटलो. गॅड्सबीसाहेब भोंग्यातून ओरडले की प्राऊटच्या धडावर हे कुणाचं थोबाड आणलंस, परत येऊ नकोस. तेव्हा तुझ्या भावाची नोकरी गेली. पडद्यावर तोंड दाखवायची हौस मात्र फिटली.

ओपल राहते तिथे गेलो. ती ट्रंक भरत होती. रस्ताभर घोकलेलं सगळं विसरलो आणि तोंडातून एवढंच निघालं, की माझी बहीण म्हणते तू हो म्हणालीस. तिनं विचारलं की तुझ्या बहिणीचा इथे काय संबंध, ती तर आयोवात असते. मग मी खळ, कान, चित्र, तुझं ओठ वाचणं, सगळं उलटसुलट सांगितलं. ती ट्रंकेच्या काठावर बसली. आधी हसली, मग रडायला लागली, मग हातातली टोपी मला फेकून मारली. म्हणाली की तीन महिने मी तोंड लपवून हिंडले, आणि तू मला मावशीला करावा तसा नमस्कार करत होतास.

मी पुन्हा विचारलं. या वेळी कान साफ होते. पण तिनं फेकलेली टोपी उचलून घेतली. म्हणाली की तुला एकदा उत्तर देऊन झालंय, ते तू धुऊन टाकलंस. आता जे सांगायचं ते तुझ्या बहिणीला लिहीन, तुझ्याहून तिला जास्त ऐकू येतं. फ्लोरिडाच्या कंपनीचा माणूस गुरुवारी यायचा आहे आणि ट्रंक तशीच उघडी आहे. तेव्हा माझा निकाल तुझ्याकडे टपालानं येतोय. आला की तारमास्तरला लाजू नकोस, लगेच कळव. तिच्या अंगणातल्या पायरीवर बसून लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

तुझ्या भरवशावर बसलेला,
अ‍ॅम्ब्रोज

•

हॉलिवूड, ता. २३ जून १९१६

ती. ड्रुसिलाताईंना,

न भेटलेल्या ओपलचा सा. न. तुम्ही मला तीनदा पाहिलंत, मी तुम्हाला एकदाही नाही, म्हणून थोडी लाज वाटते आहे.

फ्लोरिडाचा माणूस काल आला होता. त्याला नाही म्हणून सांगितलं. अ‍ॅम्ब्रोजला अजून कळवलेलं नाही. रोज दाढी करून येतो आणि अंगणातल्या पायरीवर बसून राहतो. काल मी वरून बघितलं तर तो घरमालकिणीच्या मांजराला आपली बाजू समजावत होता. अजून दोन दिवस बसू दे, असं मला वाटतं. तुम्हाला फार कठोर वाटलं तर तार करा.

एक मात्र मनापासून सांगते. त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा तसं बोलले. शेजारी पाद्री होते, पोलीस होते, दिग्दर्शक, सुतार, तीसएक माणसं असतील. कुणाच्याही कानावर गेलं नाही. माझं बोलणं त्या खळीबरोबर गटारात गेलं असं समजून मी किती रडले, ते माझं मला ठाऊक. आणि आता कळतं की ते वाया गेलंच नव्हतं. इतक्या लांब, जिला मी ओळखतही नाही अशा एका बाईला ते जसंच्या तसं पोचलं. ताई, अ‍ॅम्ब्रोजनं हे सांगितलं तेव्हा मला त्याच्यापेक्षा तुमच्याच गळ्यात पडावंसं वाटलं.

लग्न ऑगस्टमध्ये, माझ्या वडिलांच्या गावी. वडिलांना तार केली होती. त्यांनी उलट तारेनं कळवलं की जावयाला नोकरी नसली तर लोणी घुसळायला पाठ चालेल. तुम्ही आलंच पाहिजे, त्याशिवाय मी उभी राहणार नाही. अगदी पहिल्या बाकावर, माझ्या समोर बसा. पाद्रीबाबा मला विचारतील तेव्हा मी त्यांच्याकडे बघणार नाही आणि तुमच्या भावाकडेही नाही. तुमच्याकडे तोंड करून सावकाश उत्तर देईन. तुम्ही मान हलवलीत की मगच त्यांनी पुढचं म्हणावं, असं मी आजच त्यांना लिहिलं आहे.

तुमची होणारी भावजय,
ओपल