वाळूखालचं पाणी

तीर्थरूप आप्पा, दुरूनच तुमच्या पाया पडते.

पाणी दिसत नसेल तर त्याला ओढा म्हणायचं का? पदवीधर होऊनही मला याचं उत्तर येत नाही.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. फक्त खोलीवर बोलायला कोणी नाही, म्हणून रविवारीही, ज्या ओढ्याची मोजणी करून नकाशा काढायचं काम माझ्याकडे आहे, त्याच्या काठी जाऊन बसते. टेकडीतल्या कपारीपासून खालच्या वस्तीच्या विहिरीपर्यंत तीन वळणं, आणि सध्या सगळा कोरडाठाक.

साहेब म्हणाले, "मॅडम, नकाशात ओढ्याच्या जागी पडीक जमीन दाखवा. म्हणजे भराव टाकायला मोकळे."

तुम्ही उन्हाळ्यात गुरांसाठी खणायचात, तसा मी दुसऱ्या वळणावर वाळूत हातानं खड्डा केला. कोपरभर खोलीवर पाणी लागलं. वस्तीची विहीर त्याच पाण्यावर जगते. साहेबांना दाखवलं तर हसले. "अहो, ओंजळभर पाण्यापायी नोकरी घालवाल!"

आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं काही सांगू नका, जिवाला लावून घेईल. धाकटीचा अभ्यास तुम्हीच घ्या.

काल मी नकाशावर ओढ्याची निळी रेघ ओढली, खाली सही केली आणि तो वरच्या कचेरीत पाठवून दिला.

तुमची थोरली