फाटकापाशी म्हटलेलं सॉरी

केटा,
१२ जून २००३

प्रिय अक्पेनेताई,

तू तमालेला सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. माझी ऑपरेशनची जखम भरलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घाबरायचं कारण नाही. सहा आठवडे रजा टाकून तू मला न्हाऊमाखू घातलंस, भेंडीच्या कालवणात मक्याच्या अक्प्लेचा गोळा बुडवून घास भरवलेस. कुठल्या तोंडानं आभार मानू?

सोमवारपासून पुन्हा शाळेत शिकवतेय. इंग्लंडहून एक हेझलबाई शिकवायला आल्यात. परवा त्या पायरीवर अडखळून पडल्या, तर सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या, "सॉरी, मॅडम!"

"अगं, तुम्ही कुठं पाडलंत मला?"

"म्हणून काय झालं? लागलं तर तुम्हालाच ना!" पोरी खिदळल्या.

मी समजावलं, "आमच्याकडं ठेच लागली, कुणाचं माणूस गेलं, तरी सॉरीच म्हणतात. तुमचं दुखतंय ते कळतंय, असं."

"आणि आपलंच खरोखर चुकलं असेल तर?"

"तरी सॉरीच."

"मग ऐकणाऱ्याला कळायचं कसं?"

मी वर्गात जाऊन पुसलेलाच फळा पुसत राहिले.

ताई, आई गेल्यावर तू आलीस, तेव्हा फाटकापाशीच मी तुला सॉरी म्हटलं. आपल्या एवे भाषेत म्हटलं असतं तर शब्द निवडावा लागला असता. दुःखाचा वेगळा, माफीचा वेगळा. म्हणून इंग्रजीत म्हटलं. तू मला कवटाळलंस. "तुलाही सॉरी गं, एकटीनं सगळं केलंस."

मी गप्प बसले. नऊ वर्षं.

आई शेवटचे चार दिवस तुझंच नाव घेत होती. "अक्पेनेला निरोप धाड." मी म्हणायची, "धाडलाय, निघालीय ती." धाडला नव्हता. सगळं अचानक झालं, हे मी तुला सांगितलं तेही खोटं. तू थोरली, शिकलेली, तिची लाडकी. निदान शेवटी तरी ती माझ्या एकटीची असावी, एवढंच मनात होतं. ती दाराकडं बघत गेली.

तू माझे केस विंचरायचीस तेव्हा रोज सांगायचं ठरवायची, आणि रोज धीर सुटायचा. आज लिहायचं बळ आलंय, तेही तुझ्याच सेवेमुळं.

मी चुकले, ताई. माफ कर, किंवा नको करूस. तू केलंस ते मी जन्मभर विसरणार नाही. नाताळात येणार म्हणाली होतीस. आलीस, तर आईच्या कबरीपाशी तू एकटीच जा. मी रस्त्यावर थांबेन, तुला हवा तेवढा वेळ.

तुझ्या हातांनी बरी झालेली,
एसिनाम